बूट रेकॉर्ड परत टाकताना ५१२ नव्हे, ४४० बाइट

पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला जुना डेस्कटॉप किंवा दुकानात विंडोज ७ पासून चालत आलेला बिलिंगचा पीसी, अशा मशीनच्या डिस्कवर बहुधा एमबीआर असतो, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड: मशीन सुरू करणारा कोड आणि पार्टिशनचा तक्ता ठेवणारा डिस्कचा पहिला सेक्टर. त्याचा बॅकअप घेण्याची आणि परत टाकण्याची ही कृती त्याच्यासाठीच. जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर नावापुरता असतो. खरा तक्ता त्याच्या पुढे आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. तिथे एसजीडिस्क (sgdisk) या कमांडचा बॅकअप पर्याय वापरा.

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके (lsblk) कमांड चालवून साइझ आणि मॉडेलवरून डिस्क ओळखा. एसडीए (sda) हे लिनक्स पहिल्या डिस्कला देतं ते नाव पेनड्राइव्हलाही मिळू शकतं. मग डीडी (dd) ही प्रत काढणारी कमांड: इनपुट पूर्ण डिस्क (एसडीए; एसडीए१ हे पार्टिशन नव्हे), ब्लॉक साइझ ५१२, काउंट १. फाइल बरोबर ५१२ बाइटची आणि शेवटचे दोन बाइट हेक्समध्ये ५५ व एए हवेत. लॉजिकल पार्टिशन असतील तर एसएफडिस्क (sfdisk) कमांडने तक्त्याचा डंपही घ्या, कारण त्यांची नोंद या सेक्टरमध्ये नसते. दोन्ही फाइली वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा.

सगळा घोळ होतो तो परत टाकताना. या सेक्टरमध्ये ४४० बाइट बूट कोड, ४ बाइट डिस्कची सही (तिचा ओळख क्रमांक), २ राखीव, ६४ पार्टिशनचा तक्ता आणि २ शेवटची खूण (५५ एए) असते. बॅकअपनंतर एखादं पार्टिशन लहान-मोठं केलं असेल आणि तुम्ही ५१२ बाइट परत टाकलेत, तर जुना तक्ता बसतो आणि डी ड्राइव्ह गायब होतो. डेटा जागेवरच असतो, फक्त पत्ता चुकलेला. विंडोज ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारेल; हो म्हणू नका. टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशन शोधणाऱ्या प्रोग्रॅमने आधी तक्ता शोधा.

‘मग ४४६ टाका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तोही अर्धवटच. त्यात सही येते, आणि विंडोज ७ची बूट नोंद त्या सहीवरूनच डिस्क ओळखते. दुसऱ्या डिस्कचा बॅकअप टाकलात तर सही बदलते आणि विंडोज सुरूच होत नाही. म्हणून डीडीला ब्लॉक साइझ ४४० आणि काउंट १ द्या. पूर्ण ५१२ फक्त तक्ताच पुसला गेला असेल आणि बॅकअपनंतर पार्टिशन बदललेले नसतील तेव्हाच. त्याआधी आत्ताच्या बिघडलेल्या सेक्टरचीही प्रत काढून ठेवा.

खरं तर बूट कोडासाठी एवढी धडपड नकोच. विंडोजच्या रिपेअर डिस्कवरचं बूटरेक फिक्स-एमबीआर (bootrec /fixmbr) हा कोड तक्त्याला हात न लावता नव्याने लिहितं. लिनक्सचा बूटलोडर ग्रब असेल तर ग्रब-इन्स्टॉलच चालवा, कारण ग्रबचा पुढचा भाग पहिल्या सेक्टरबाहेर असतो. तक्ता मात्र असा आयता नवा मिळत नाही. म्हणून पार्टिशन बदललं की त्याच दिवशी नवा बॅकअप घ्या.

एवढं करूनही बूट होत नसेल, तर कोणत्या पार्टिशनवरून बूट करायचं ते सांगणारी तक्त्यातली ॲक्टिव्ह खूण बघा. विंडोजसाठी हेक्स ८० हा बाइट एकाच नोंदीपुढे हवा, बाकी तिन्हींपुढे ००.