जोर्वे खापर ओळखायचं कसं?

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथं खणलं, म्हणून तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या या भांड्यांना जोर्वे नाव पडलं. शाळेच्या पोरांना घेऊन मी नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर जातो. पाऊस पडून गेला की खापरं उघडी पडतात आणि जो तो नक्षीचा तुकडा शोधायला धावतो. माझं म्हणणं, नक्षी शेवटी बघा.

आधी नखानं टिचकी मारा. जोर्वे भांडं चाकावरचं, माती बारीक, भाजणी कडक, खणखणीत वाजतं. बद्द वाजलं तर बाजूला ठेवा. मग आतली बाजू तिरप्या उन्हात धरा, चाकाच्या बारीक रेघा दिसतील. मग घडण. वाडग्याचं पोट गोल उतरत नाही, मध्येच कोन करून आत वळतं. तो कोन सापडला की माझं निम्मं काम झालं. नळीसारखी तोटी मिळाली तर फारच छान.

आता रंग: लाल किंवा नारिंगी लेप, चकाकी नाही, वर काळ्या रेघा, त्रिकोण, जाळी भरलेले चौकोन. प्राणी क्वचितच. हरणं-बिरणं असतील तर त्याआधीच्या काळातल्या, माळवा नावाच्या भांड्यांचा विचार करा.

जाडसर, ओबडधोबड तुकडाही जोर्वेच असू शकतो, पण उत्तरकाळातला. घोड नदीकाठच्या इनामगावात इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊसमान घटलं, शेती खालावली, ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांचा दर्जाही घसरला.

राखाडी, हातानं घडवलेल्या मोठ्या भांड्याचा काठ जमिनीतून डोकावत असेल तर मात्र उकरू नका. जोर्वे भांडी वापरणारे लोक मेलेली तान्ही मुलं दोन भांडी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत.

बाकी खापरंही जागच्या जागी ठेवा. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, गाव आणि शेताचा गट नंबर लिहा. संरक्षित टेकाड असेल तर हातसुद्धा लावू नका, गुन्हा आहे. हाताळायची फारच हौस असेल तर आधी पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावची भांडी डोळे भरून बघा. अख्खा वाडगा एकदा पाहिला की तुकड्यातला कोन आपसूक कळायला लागतो.