वणव्याच्या दिवसांत घर, गोठा आणि गंजी राखा

फेब्रुवारी सरला की राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांतल्या डोंगरांवरचं गवत वाळून कडक होतं. वळवाचे चांगले पाऊस होईपर्यंत वणव्याची भीती काही जात नाही. ज्यांची वस्ती किंवा काजूची बाग डोंगराला लागून आहे, त्यांनी या आठवड्यातच हाताला काम लावावं. धूर दिसल्यावर तयारीला वेळ मिळत नाही.

घर पेटतं ते बहुतेक वेळा ठिणगीनं. आग लांब असतानाच वाऱ्यावर उडालेली ठिणगी कौलाच्या फटीत साठलेल्या पाचोळ्यात, वळचणीला रचलेल्या जळणात नाहीतर शेणींच्या ढिगात पडते. तिथं ती बराच वेळ धुमसते आणि मग एकदम भडकते. पावसात कोरडं राहावं म्हणून आपण जळण पडवीला भिडवून रचतो, पण उन्हाळ्यात नेमकं तेच घाताचं. म्हणून आधी कौलं आणि पन्हळी झाडून घ्या. जळण, शेणी, रिकामी पोती, ठिबकच्या जुन्या नळ्या आणि पंपाचं डिझेल घराच्या भिंतीपासून लांब न्या. पिंजराची गंजी घर आणि गोठा दोन्हींपासून निदान 50 फूट तरी असावी. जागा असेल तर एका मोठ्या गंजीऐवजी लांब-लांब दोन घाला, म्हणजे एक गेली तरी जनावरांना वैरण उरेल.

घराभोवती 30 फुटांत वाळलं गवत ठेवू नका. डोंगराच्या बाजूनं रोटर मारून किंवा कुदळीनं खरवडून उघड्या मातीचा पट्टा करा. आग चढावर फार वेगानं धावते. त्यामुळं घर उतारावर असेल तर खालच्या अंगाचा पट्टा जास्त रुंद हवा. पट्टा काढायला काडी लावू नका. दुपारचा वारा सुटला की तीच आग हातातून जाते. ऊस तुटल्यावर पाचटही जाळू नका, सरीत कुजवा. फक्त डोंगराकडच्या बांधालगतचं पाचट ओढून आत घ्या.

डोंगर जाळला की पुढच्या साली गवत चांगलं येतं, असं अजून गावोगाव मानतात. कोवळा फुटवा लवकर दिसतो हे खरं, पण झाडांची रोपं जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला जाते. शिवाय राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे गुन्हा आहे.

पाण्यासाठी मोटरीवर विसंबू नका, आगीत वीज जाऊ शकते. बॅरल भरून ठेवा, शेजारी बादल्या आणि भिजवायला गोणपाटं असू द्या. गोठ्यात दाव्याला सुटी गाठ मारा आणि मेढीला एक कोयता अडकवून ठेवा. जनावरं सोडली की गोठ्याचं दार लावून घ्या, कारण भेदरलेली म्हैस ओळखीच्या गोठ्याकडेच परत फिरते.

सातबारा, आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि रोजची औषधं एका पिशवीत घालून ठेवा. आजी-आजोबांना कोण नेणार, पोरांना कोण, हे आजच ठरवा. ऐनवेळी प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं नेलं असेल. निघताना अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. गॅस बंद करा, दारं-खिडक्या लावा. पळायचं ते नांगरलेल्या रानाकडं किंवा डांबरी रस्त्याकडं. चढावर जाऊ नका आणि उसात तर मुळीच शिरू नका, आतला वाळला पाला क्षणात पेट घेतो.

धूर दिसताच वनविभागाच्या 1926 किंवा 112 वर फोन करा आणि देवळाच्या भोंग्यावरून गाव जागं करा. ओल्या डहाळ्यांनी गवताची बुटकी आग कडेनं झोडपता येते. ज्वाळा कमरेवर गेल्या की मागं फिरा. वारं घेऊन येणाऱ्या आगीसमोर कधीच उभं राहू नका. भाजलं तर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, तेल काही लावू नका आणि 108 ला बोलवा.

आग विझल्यावरही रात्रभर पाळीनं जागा. गंजीच्या पोटात आणि बुंध्यांच्या मुळांत निखारा दडून राहतो. नुकसान झालं असेल तर जागा साफ करण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या.