दोन लिनक्स कॉम्प्युटरमध्ये फोल्डर शेअर होत नाही? खालून वर तपासा

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग वरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर (सर्व्हर) असतात आणि खाली मशीनजवळचा कॉम्प्युटर (क्लायंट) ती उघडतो. दोन्हींवर लिनक्स असेल तर सांबाची (विंडोजशी फोल्डर शेअर करायचा प्रोग्रॅम) गरज नाही, एनएफएस (लिनक्समधली नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची पद्धत) पुरतं. ते अडलं की बहुतेक जण आधी एक्सपोर्ट्स फाइलच (कोणता फोल्डर कुणाला द्यायचा याची सर्व्हरवरची यादी) खरडायला घेतात. ती शेवटी उघडायची. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांतच टाका.)

आधी खालून वर पिंग करा, म्हणजे सर्व्हर उत्तर देतो का ते बघा. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायवर असूनही उत्तर येत नसेल तर गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन (वायफायवरच्या कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग) चालू आहे का ते राउटरमध्ये बघा. पिंग चालतो, पण एकाचा आयपी १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होतो, असंही सापडतं. खाली रेंज मिळावी म्हणून लावलेला दुसरा राउटर तेव्हा स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवत असतो. मग सर्व्हरला मशीनजवळच्या कॉम्प्युटरऐवजी राउटरचा पत्ता दिसतो आणि माउंट (शेअर केलेला फोल्डर आपल्या कॉम्प्युटरला जोडणं) नाकारलं जाऊ शकतं. त्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क चालवणार नाही.

आता पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या सेवेचं नंबर दिलेलं दार. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला फक्त टीसीपी २०४९ लागतो. 'एनसी -झेडव्ही', सर्व्हरचा आयपी आणि २०४९ असं टाका. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर निरोप पोचलाय, पण ऐकणारं कुणी नाही: सर्व्हरवर एनएफएस-सर्व्हर ही सेवा सुरू करा. टाइम आउट झालं तर फायरवॉल पॅकेट गिळतंय. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलचं हेच वागणं. फेडोराची फायरवॉल, फायरवॉलडी, पोर्ट अडवत असेल तर मात्र पिंग चालत असतानाही 'नो रूट टू होस्ट' म्हणते, आणि माणूस उगाच केबल तपासत बसतो. तिथे एनएफएस ही सर्व्हिस कायमची जोडून रीलोड करा. 'शोमाउंट' (सर्व्हरवरच्या शेअरची यादी दाखवणारी कमांड) चाललं नाही म्हणून घाबरू नका, त्याला १११ हा पोर्ट आणि माउंटडी या सेवेचा पोर्टही लागतो. माउंट करताना 'बॅड ऑप्शन' आलं, तर डेबियन-उबुंटूच्या क्लायंटवर बहुधा एनएफएस-कॉमन पॅकेजच टाकलेलं नसतं.

'अ‍ॅक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' आलं की मग एक्सपोर्ट्स. ओळ अशी हवी:

/एसआरव्ही/ड्रॉइंग १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

२४ आणि कंसामध्ये मोकळी जागा नको. एक स्पेस पडली तर तुमच्या नेटवर्कला फक्त वाचायची परवानगी मिळते आणि लिहायची परवानगी बाकी जगाला! बदलानंतर 'एक्सपोर्टएफएस -आरए' चालवा आणि '-व्ही'ने प्रत्यक्षात काय शेअर झालंय ते बघा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो पुढचा टप्पा: माउंट झालं, फाइल दिसतात, पण सेव्ह करताना 'परमिशन डिनाइड'. साध्या मांडणीत एनएफएस युजरचं नाव बघत नाही, नंबर बघतं. दोन्हीकडे 'ऑपरेटर' नावाचा युजर असला, पण वर त्याचा यूआयडी (युजर नंबर) १००० आणि खाली १००१ असला, तर सर्व्हरच्या लेखी तो परका माणूस. दोन्हीकडे 'आयडी' चालवून आकडे जुळवा. 'यूजरमॉड -यू'ने नंबर बदलता येतो, पण होम फोल्डरबाहेरच्या फाइलींची मालकी 'सीएचओन'ने हातानेच बदलावी लागते. चार-पाच जणांच्या वर्कशॉपला सोपं म्हणजे एक्सपोर्ट्सच्या ओळीतल्या कंसात ऑल_स्क्वॉश, अ‍ॅनॉनयूआयडी=१००० आणि अ‍ॅनॉनजीआयडी=१००० घालणं; मग कुणीही लिहिलं तरी मालक एकच, अर्थात कुणी लिहिलं ते कळत नाही. फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन वेळ मारून नेऊ नका. रूट या मुख्य युजरने लिहिलेली फाइल 'नोबडी'च्या नावावर जाते, ती रूट_स्क्वॉश या सुरक्षेच्या पर्यायाची सोय आहे, बिघाड नाही.

लाइट जाऊन आली की आणखी दोन गोष्टी होतात. डीएचसीपीमुळे (राउटर आपोआप पत्ते वाटतो त्यामुळे) सर्व्हरचा पत्ता बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये तो राखून ठेवा. आणि सर्व्हर सुरू व्हायच्या आधी क्लायंट उठतो, म्हणून क्लायंटच्या एफएसटॅबमध्ये (आपोआप माउंट करायच्या फोल्डरांची यादी) _नेटडेव्ह, नोफेल आणि एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट लिहा. सर्व्हर बंद असताना प्रोग्रॅम लटकतात म्हणून 'सॉफ्ट' (उत्तर नाही आलं तर काम सोडून देणारा पर्याय) लावायचा मोह होतो; लिहिण्याच्या शेअरवर लावू नका, अर्धवट फाइल उरतात. ड्रॉइंग बाहेरच्या डिस्कवर असतील आणि क्लायंटला फोल्डर रिकामं दिसलं, तर सर्व्हरवर डिस्कच माउंट झालेली नसते. ती माउंट करून पुन्हा 'एक्सपोर्टएफएस -आरए' द्या, आणि क्लायंटवर 'स्टेल फाइल हँडल' आलं तर तिथे अनमाउंट करून परत माउंट करा.