कर्णबधिर शाळेतली मुलाखत, आणि उमेदवार स्वतःच बधिर असेल तर

डी.एड. स्पेशल किंवा बी.एड. स्पेशल (विशेष शिक्षणातलं डी.एड., बी.एड.) झालेलं असतं, आरसीआयचा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर असतो, इंटर्नशिपमध्ये मुलं तुमच्या मागेमागे फिरलेली असतात, आणि तरी कर्णबधिर शाळेच्या ऑफिसात बधिर शिक्षक अर्ज घेऊन उभा राहिला की सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागतात. मग "कळवतो" म्हणतात आणि कळवत काहीच नाहीत. मी स्वतः बधिर आहे, विशेष शिक्षिका आहे, आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी "ताई काय करू" असे मेसेज इतके येतात की म्हटलं एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकावं.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा. मुलाखतीत तुम्हाला पद्धतीच्या वादात ओढणार, म्हणजे ओरल (बोलण्यातून शिकवणं) चांगलं की साइन (खुणांची भाषा), इम्प्लांटच्या म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशननं कानात यंत्र बसवलेल्या मुलांना खुणांची गरज काय, वगैरे. तो वाद तिथे जिंकता येत नाही आणि जिंकायची गरजही नाही. तुमचं काम एवढंच की नकार द्यायचाच असेल तर त्याचं कारण त्यांना कागदावर लिहावं लागेल अशी परिस्थिती तयार करायची. तोंडी नकार सोपा असतो हो, लिहायची वेळ आली की पेन अडतं.

वाद जुना आहे, थोडा माहीत असू द्या. १८८० च्या सप्टेंबरात इटलीत मिलानला बधिर शिक्षणाची परिषद भरली, तिथे ठराव झाला की शाळेत फक्त बोलणं, खुणा बंद. मतं देणाऱ्यांत बधिर माणूस एकच होता! त्यानंतर युरोप-अमेरिकेत कित्येक शाळांतून बधिर शिक्षक बाहेर गेले, कारण साधं, बोलायला शिकवायचं तर ऐकू येणाराच पाहिजे. म्हणजे पद्धत ठरली आणि पद्धतीबरोबर आमच्या नोकऱ्याही गेल्या. २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला भरलेल्या अशाच परिषदेत त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला, १३० वर्षांनी. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थाचालकांपर्यंत मात्र १८८० पोचलंय, २०१० अजून वाटेत आहे.

जायच्या आधी

आरसीआयचं नूतनीकरण बघा. दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि तारीख उलटलेली असली की त्यांना आयतं कारण मिळतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांग प्रमाणपत्र जवळ ठेवा, ४० टक्के किंवा जास्त असेल तरच आरक्षण मिळतं.

मग शाळा अनुदानित आहे का ते विचारा, कारण इथे बऱ्याच गोष्टी ठरतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये "शासकीय आस्थापना" याची जी व्याख्या आहे त्यात सरकारी अनुदान घेणारी संस्था पण येते, आणि कलम २० म्हणतं की अशा आस्थापनेनं नोकरीच्या कुठल्याही बाबतीत दिव्यांग म्हणून भेदभाव करायचा नाही. विनाअनुदानित असेल तर कलम ३ चा समानतेचा हक्क आहेच, पण अनुदानितवाल्यांना जास्त घट्ट धरता येतं.

आरक्षणाबद्दल एक गैरसमज फार आहे. दिव्यांगांच्या ४ टक्क्यांतला १ टक्का बधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे, पण ज्या संस्थेत सगळी मिळून २०-२५ पदं तिथे बिंदूनामावलीत (कुठलं पद कोणासाठी राखीव याची क्रमवार यादी) तो बिंदू यायला वर्षं जातात, आणि संस्थावाले "तुमची जागा नाहीये" म्हणून मोकळे होतात. अहो, राखीव जागा नाही म्हणजे अर्जच करता येत नाही असं कुठे लिहिलंय? पात्रता असेल तर खुल्या जागेवर अर्ज करा, बिनधास्त.

मुलाखतीचं पत्र आलं की त्याच दिवशी ईमेल टाका, व्हॉट्सॲपवर नको, ईमेलच. मजकूर साधा: "मी कर्णबधिर उमेदवार आहे. मुलाखतीसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी द्यावा, शक्य नसल्यास प्रश्न लेखी द्यावेत." बास. कायद्यात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव धरलाय, त्यामुळे उत्तर आलं तरी फायदा आणि नाही आलं तरी मेल पुढे कामाला येतो. स्वतःचा दुभाषी नेता आला तर उत्तम, पण शक्यतो भाऊ-बहीण-नवरा नको. घरचं माणूस मधे बसलं की पॅनल तुमच्याशी बोलायचं सोडून त्याच्याशीच बोलतं आणि तोही बिचारा तुमच्या वतीनं उत्तरं द्यायला लागतो. फोनमध्ये गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब टाकून ठेवा, मराठी येतं त्यात, फक्त दोघं एकदम बोलले की पार भजं होतं, म्हणून आधीच सांगा की एकेकानं बोला.

आत गेल्यावर

बसायची जागा तुम्ही निवडा. खिडकी त्यांच्या मागे असेल तर चेहरे काळे दिसतात, ओठ वाचता येत नाहीत, सरळ सांगा "मला इकडे बसायचंय". कोणीतरी एक जण हमखास कागदानं तोंड झाकून शेजाऱ्याशी बोलतो, तेव्हा वही पुढे सरकवा आणि हसून म्हणा, सर इथे लिहा ना.

आता नेहमीचे प्रश्न.

"मुलांना बोलायला कोण शिकवणार?" हा तर येणारच. उत्तर असं की वाचा-उपचार हे स्पीच थेरपिस्टचं काम, तुम्ही ज्या पदासाठी आलात ते भाषा, गणित, परिसर अभ्यास शिकवायचं पद आहे. जाहिरातीतली पात्रता काढून दाखवा, त्यात "ऐकू येणारा" लिहिलंय का विचारा.

"आमची शाळा ओरल आहे." इथे चिडू नका. लवकर इम्प्लांट बसलेली, घरी रोज थेरपी घेणारी काही मुलं बोलण्यातून खरंच छान शिकतात, ते मान्य करा, खोटं कशाला बोलायचं. पण खुणा शिकल्या की बोलणं मागे पडतं याला पुरावा नाही, आणि ज्या मुलाला यंत्र लावूनही भाषा मिळाली नाही त्याचं काय हा प्रश्न त्यांनाच परत विचारा. कायद्याचं कलम १६ म्हणतं की बधिर मुलांना सर्वात योग्य भाषेतून आणि पद्धतीतून शिक्षण द्या, कलम १७ मध्ये तर सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमा, त्यात दिव्यांग शिक्षकही घ्या, असं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही भारतीय सांकेतिक भाषेचं प्रमाणीकरण करून त्यात अभ्यासक्रमाचं साहित्य बनवायचं म्हटलंय. ही वाक्यं प्रिंट काढून न्या, पाठ म्हणून दाखवू नका, टेबलावर ठेवा.

"पालकांचे फोन कोण घेणार, हॉस्टेलात रात्री मूल रडलं तर?" पालक व्हॉट्सॲपवर आहेत, आणि हॉस्टेलला अधीक्षक-काळजीवाहक असतात, तुम्ही शिक्षकाच्या पदासाठी आलात. एवढं बोलून गप्प बसा.

आणि शक्य असेल तर डेमो पाठ मागून घ्या, स्वतःहून. सगळ्यात जास्त फरक यानं पडतो. मी नेहमी शाब्दिक गणित घ्यायला सांगते. फळ्यावर लिहा, "राजूकडे १२ पेरू होते, त्याने ५ विकले, किती उरले?" बहुतेक वर्गांत निम्मी मुलं १७ लिहितात. आकडे दिसले, बेरीज केली. बाई तोंडानं "उरले, उरले" म्हणत राहतात आणि मुलगा हो-हो मान हलवतो, कारण मान हलवली की बाई पुढे जातात हे तो बालवाडीतच शिकलेला असतो. ओठांवर प, ब, म सारखेच दिसतात, पाय-माय-बाय एकच, आणि क-ग तर घशात, दिसतच नाहीत. बधिर शिक्षक ती मान बघून फसत नाही, आपणही तशीच हलवलीये ना आयुष्यभर. तुम्ही गणित खुणांनी नाटक करून दाखवा, पेरूची टोपली, गिऱ्हाईक येतं, ५ नेतं, मग टोपलीत बघायला लावा, आणि "समजलं का" असं अजिबात विचारू नका, मुलालाच म्हणा आता तू राजू हो आणि गोष्ट सांग. दहा मिनिटं पुरतात. मागे बसलेल्या मुख्याध्यापकांना तिथेच दिसतं कोण शिकलं कोण नाही.

मधला रस्ता म्हणून जे देतात ते

"तुम्ही हुशार आहात, सध्या कला शिक्षक म्हणून या" किंवा "मदतनीस म्हणून मानधनावर सुरू करा, पुढे बघू." पुढे कोणी बघत नाही. पैशाची अगदीच नड असेल तर घ्या, मी कोण नको म्हणणारी, पण नियुक्तीपत्रात पदाचं नाव काय आहे आणि तुमच्या नेमणुकीला सरकारी मान्यता मिळावी म्हणून प्रस्ताव पाठवणार का, हे लेखी घ्या. (डोनेशनचा विषय मी इथे काढत नाही, त्यात ऐकू येणाऱ्यांनाही कोणी सोडत नाही.)

नकार आला तर

दोन-तीन दिवसांत ईमेलनं कारण मागा. उत्तर नाही आलं तर संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तक्रार द्या, दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे शासकीय आस्थापनेनं, म्हणजे अनुदानित संस्थेनंही, असा अधिकारी नेमायचा असतो आणि दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. अधिकारीच नेमलेला नसेल तर तेही तक्रारीत लिहा, तो तुमचा मुद्दा नंबर दोन. हाती दिलं तर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका, नाहीतर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तुमचे मुलाखतीचे गुण, निवड समितीचं इतिवृत्त, बिंदूनामावलीची प्रत एवढंच मागा, कारणं-बिरणं विचारत बसू नका, माहिती अधिकारात "का" ला उत्तर मिळत नाही, कागद मिळतात. ३० दिवस वाट बघा, मग पहिलं अपील.

त्यानंतर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. साक्षीदार बोलवायला आणि कागद मागवायला त्यांना दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. वकील लागतोच असं नाही, पण घटनाक्रम तारखेनुसार एका पानात बसवा, रडगाणं नको, आणि सुनावणीला दुभाषी पाहिजे हे अर्जातच लिहा.

कोणी म्हणालं की कोर्टात असलं टिकत नाही, तर केंद्रीय विद्यालयांची केस सांगा. २०१८ च्या त्यांच्या शिक्षक भरतीत बधिरांना जागाच ठेवल्या नव्हत्या, दिल्ली हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ पण कोर्टात गेली, आणि २०२३ मध्ये निकाल बधिर उमेदवारांच्या बाजूनं लागला. एखादं पद आरक्षणातून वगळायचं असेल तर तो अधिकार सरकारचा, तोही अधिसूचना काढून, संस्थेनं आपापली कमिटी बसवून ठरवायचा नाही. हा मुद्दा छोट्या संस्थेलाही तसाच लागू पडतो, म्हणून तक्रारीत टाकाच.

आणि हे वाचणारे मुख्याध्यापक असतील तर

प्रश्न आधी टाइप करून उमेदवाराला द्या, निम्मा गोंधळ तिथेच संपतो. बोलताना दुभाष्याकडे नाही, उमेदवाराकडे बघा. "त्यांना विचारा की" असं म्हणू नका, सरळ "तुम्ही" म्हणा. डेमो पाठाला शाळेतलं सगळ्यात मागे पडलेलं मूल बसवा, हुशार चार निवडून नको, आणि पाठ झाल्यावर गुण द्यायच्या आधी त्या मुलाला बाजूला घेऊन तेच गणित परत सोडवायला द्या.