जैविक वय आणि रोजचे ताट : चाळिशीच्या आसपासच्या स्त्रियांनी आहार कसा बसवावा

जन्मतारखेवरून मोजले जाणारे वय आणि पेशींच्या झिजेवरून कळणारे जैविक वय यांत काही वर्षांचे अंतर पडू शकते. हे दुसरे वय मोजण्याची एक पद्धत डीएनएवरच्या रासायनिक खुणांवर, म्हणजे मिथाइल गटांवर, आधारलेली आहे. वय वाढते तसा या खुणांचा नमुना बदलत जातो. स्टीव्ह हॉरवाथ या शास्त्रज्ञांनी २०१३ साली डीएनएवरच्या अशा ३५३ जागांवरून वय काढण्याचे गणित मांडले, आणि पुढे आजारपणाच्या व मृत्यूच्या धोक्याचा अंदाज देणारी ग्रिमएजसारखी गणितेही तयार झाली.

स्त्रियांच्या आहाराशी या मोजणीचा थेट संबंध तपासणारा एक अभ्यास कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ३४२ स्त्रिया होत्या, निम्म्या कृष्णवर्णीय व निम्म्या श्वेतवर्णीय, आणि त्यांचे सरासरी वय ३९ होते. त्यांच्या आहाराच्या नोंदी आणि लाळेच्या नमुन्यांतून काढलेले जैविक वय शेजारी ठेवले, तेव्हा भाज्या, फळे, डाळी व कठीण कवचाची फळे भरपूर खाणाऱ्यांचे जैविक वय कमी आढळले. मात्र आहार एरवी चांगला असतानाही वरून घातलेली साखर जितकी जास्त, तितके जैविक वय अधिक, असेही दिसले. या स्त्रिया अशी साखर दिवसाला सरासरी ६१ ग्रॅम खात होत्या. रोजची १० ग्रॅम साखर कमी करून ती सवय टिकवली, तर जैविक वय सुमारे २.४ महिन्यांनी मागे येऊ शकेल, असा संशोधकांचा अंदाज आहे. ही पाहणी एकाच वेळची असल्याने साखरेमुळेच वय वाढले असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. तरीही साखर कमी करण्याची इतकी कारणे आधीपासून हाताशी आहेत, की या पुराव्यावर आजच कामाला लागणे मला पूर्णपणे योग्य वाटते.

सुरुवात वाणसामानाच्या यादीपासून करावी. आपण किती गोड खातो याचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो, पण किराण्याची यादी खरे सांगते. समजा, चार माणसांच्या घरात महिन्याला तीन किलो साखर आणि एक किलो गूळ संपतो. चार हजार ग्रॅमला तीस दिवसांनी आणि मग चार माणसांनी भागले की प्रत्येकाच्या वाट्याला रोज ३३ ग्रॅम येतात, आणि त्यात बिस्किटे, जॅम, सरबत, विकतचे श्रीखंड व दुधात घालायच्या पावडरी धरलेल्याच नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत दिवसाला २० ते २५ ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. गूळ, काकवी आणि मध हे सगळे या हिशेबात साखरच आहेत. गुळाचा चहा घेतला म्हणून सूट मिळत नाही, हे विशेष सांगावे लागते, कारण अनेक घरांत साखर बंद झाली आणि तिच्या दुप्पट गूळ सुरू झाला असे घडते. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर मात्र यात मोजू नये.

आपल्याकडे साखरेचा सर्वांत मोठा ओघ चहातून येतो, म्हणून पहिला बदल तिथेच करावा. चहाच्या आधणातच साखर टाकली की कोणाच्या पोटात किती गेली याचा पत्ता लागत नाही. ती आधणात न घालता प्रत्येकाच्या कपात चमच्याने घालावी, आणि चमचा सपाट असावा. लहान सपाट चमच्यात साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर मावते, शीग भरली की ती बरीच वाढते. दोन सपाट चमच्यांचा चहा दिवसातून चारदा घेतला तर ३२ ते ४० ग्रॅम झाले, म्हणजे दिवसाची मर्यादा चहातच ओलांडली. एकदम फिका चहा पिण्याचा निश्चय बहुधा आठवडाभरही टिकत नाही. त्यापेक्षा दोनाचे दीड, पंधरा दिवसांनी दीडाचा एक, असे उतरत जावे. जीभ कमी गोडाला सरावते, आणि आले, वेलची किंवा गवती चहा घातला की फरक फारसा जाणवतही नाही. विकतच्या पदार्थांच्या पाकिटावर वरून घातलेल्या साखरेचा आकडा दर १०० ग्रॅममागे छापलेला असतो, तो घेण्यापूर्वी वाचावा.

साखर कमी करताना ताटात काय वाढवायचे हा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत अधिक मोलाचा आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, हाडांची झीज वेगाने होते, स्नायू कमी होतात आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. रजोनिवृत्तीच्या सुमारास जैविक वयाची गती वाढते, असे रक्ताच्या नमुन्यांवरच्या २०१६ च्या एका अभ्यासातही दिसले होते. अशा वेळी घरातली बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, आणि तोवर डाळ तळाला गेलेली असते, उसळ संपलेली असते, उरलेला भात आणि लोणचे तिच्या वाट्याला येते. हे मनाला लागते, आणि आहारशास्त्राच्या दृष्टीनेही घातक आहे. यावर एकच उपाय खात्रीचा आहे : स्वयंपाक झाल्याबरोबर, पाने घेण्यापूर्वी, आपली वाटी डाळ किंवा उसळ, भाजी आणि दही वेगळे काढून ठेवावे, आणि शक्य असेल तिथे सगळ्यांबरोबर जेवायला बसावे.

प्रथिनांची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतात. एक वाटी घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, एक अंडे, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे, यांपैकी प्रत्येकातून ६ ते ७ ग्रॅमच्या आसपास मिळतात, आणि भाकरी-पोळीतून काही भर पडते. हे सगळे एकाच जेवणात न ढकलता न्याहारीपासून वाटून घ्यावे. नुसते पोहे किंवा चहा-खारी यांवर सकाळ निघाली की दुपारची भूक गोडाकडे धावते. पोह्यांत शेंगदाणे व मटार वाढवावेत, किंवा त्यांच्या जागी मुगाचे धिरडे करावे.

कॅल्शियमसाठी नाचणी हे आपले मोठे धन आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शिफारस प्रौढ स्त्रीला १०००, आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅमची आहे, म्हणून नाचणीच्या भाकरीबरोबर दूध, दही आणि तिळाची चटणी हवीच. लोहासाठी पालेभाजी व कडधान्यांवर लिंबू पिळावे, आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, निदान तासभर थांबावे, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तेव्हा हा सल्ला किरकोळ समजू नये.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, म्हणून वरीचे तांदूळ व दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि ताक यांना पसंती द्यावी. दिवसभर काही न खाता संध्याकाळी गोडाने उपवास सोडणे टाळावे.

जैविक वय सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर पैसे खर्च करण्याची गरज मला वाटत नाही. हिमोग्लोबिन, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची एक तपासणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांतून कामाची माहिती मिळते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा गरोदरपण असेल, तर साखरेत व प्रथिनांत बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. एचबीएवनसीमध्ये रक्तातल्या साखरेची मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दिसते, त्यामुळे बदल सुरू केल्यावर ही तपासणी तीन महिने उलटल्यावरच पुन्हा करावी, आणि त्याच दिवशी वाणसामानाच्या नव्या यादीतला साखर-गुळाचा आकडाही जुन्या यादीशी ताडून पाहावा.