कॅटलॉगमधून आरोग्याची पुस्तकं कशी शोधायची

ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलावर बसते, तेव्हा एक वाक्य सतत कानावर पडतं: 'या आजारावर तुमच्याकडे काहीच नाही.' बहुतेक वेळा पुस्तक कपाटात असतं, फक्त आपला शब्द आणि कॅटलॉगचा शब्द जुळत नाही.

हार्ट अटॅकचंच बघा. हे शब्द टाकले की शीर्षकात ते असलेली थोडी पुस्तकं येतात. वैद्यकीय ग्रंथालयं मात्र हा विषय 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' म्हणून नोंदवतात आणि कॅन्सर 'निओप्लाझम्स' म्हणून. ही नावं मेश या वैद्यकीय विषयनावांच्या यादीतली. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० साली ती प्रसिद्ध केली आणि आजही ती दरवर्षी सुधारली जाते. ही नावं पाठ करायची गरज नाही. साध्या शब्दाने शोधा, कामाचं वाटेल असं एक पुस्तक उघडा आणि त्याच्या नोंदीत खाली 'विषय' या ओळीवर क्लिक करा. त्या विषयाची बाकीची पुस्तकं समोर येतात, शीर्षकात तो शब्द असो वा नसो. माझ्या मते कॅटलॉगमधली सगळ्यात उपयोगी जागा हीच.

विषयापुढे उपविभागही दिसतात. मधुमेहाच्या पुढे 'डाएट थेरपी' असेल, तर ते पुस्तक पथ्यपाण्याचं. घरात रुग्ण असलेल्यांनी तिथून सुरुवात करावी.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एक युक्ती सांगते. नर्सिंगच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली चार अक्षरं लिहून पुढे तारांकन (*) द्या. नर्स, नर्सेस, नर्सिंग सगळं एकदम येतं. नर्सरीही येते, म्हणून जोडीला दुसरा शब्द हवाच.

नोंदीतला वर्गांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, लिहून घ्या आणि कपाटापाशी जा. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या ड्यूई पद्धतीत वैद्यक ६१० पासून सुरू होतं. ६१३ मध्ये निरोगी राहण्याची पुस्तकं, ६१६ मध्ये आजार, ६१८ मध्ये स्त्रीरोग, बाळंतपण आणि बालरोग. शेजारची पुस्तकंही चाळा. वैद्यकीय महाविद्यालयात आकड्यांऐवजी डब्ल्यूने सुरू होणारी अक्षरं दिसतील, उदाहरणार्थ नर्सिंगसाठी डब्ल्यूवाय.

निकाल 'नवे आधी' असे लावून घ्या. शरीररचनेचं जुनं पुस्तक चालून जाईल. औषधांच्या मात्रेसाठी जुनी आवृत्ती मुळीच वापरू नका.

ई-पुस्तकं आणि जर्नल्स बऱ्याचदा याच कॅटलॉगमध्ये असतात, पण ती उघडायला सभासद म्हणून लॉगिन लागतं. बाहेर, सामान्य वाचकासाठी मेडलाइनप्लस ही साइट मोफत आहे आणि भाषा सोपी आहे. पबमेडमध्ये संशोधन लेखांचे गोषवारे मिळतात. 'फ्री फुल टेक्स्ट' हा फिल्टर लावला की पूर्ण वाचता येणारे लेखच उरतात. हवा असलेला लेख पैसे मागत असेल, तर पैसे भरण्याआधी ग्रंथपालांना विचारा. दुसऱ्या ग्रंथालयाकडून तो मागवण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते.