कार्तिकातली विहीर पाहून सौरपंप मागू नका

दिवाळी झाली, गहू-हरभरा पेरून झाला, विहिरी तुडुंब आहेत. सौरपंपाच्या चौकशा नेमक्या याच दिवसांत वाढतात, आणि ते साहजिक आहे. कडाक्याच्या थंडीत रात्री दोनला मोटार चालू करायला जायची हौस कुणाला असते? साप-विंचवाची भीती सगळीकडेच, जुन्नर-आंबेगावकडे तर उसातून बिबट्या निघतो. दिवसा पाणी हवं ही मागणी रास्तच आहे. पण काठोकाठ भरलेल्या विहिरीकडे बघून अर्ज भरलेल्यांची तोंडं मी मे महिन्यात पाहिली आहेत. पंप फिरतो, पाइपातून करंगळीएवढी धार येते, आणि तोवर सगळे कागद सह्या होऊन गेलेले असतात.

आधी योजनेचा हिशेब. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही राज्याची योजना २०२४ पासून सुरू आहे आणि तिला केंद्राच्या २०१९ मधल्या पीएम-कुसुमचा आधार आहे. कुसुमच्या मूळ आखणीत केंद्राचे ३० टक्के, राज्याचे ३० आणि शेतकऱ्याचे ४० अशी वाटणी होती. महाराष्ट्राने स्वतःचा वाटा वाढवला, म्हणून आपल्याकडे सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५ टक्केच भरावे लागतात. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यापुढे साडेसात एचपी, अशी पंपाची मर्यादा आहे. म्हणजे एचपी ठरते सातबारा बघून. पाणी मात्र सातबारा बघून वर येत नाही.

विहिरीच्या पंपाचं खरं माप म्हणजे हेड, पाणी एकूण किती उंच ढकलायचं ते. एचपी तीच राहिली आणि हेड दुप्पट झालं, तर पाणी जवळपास निम्मं होतं. विजेच्या मोटारीला हे फारसं जाणवत नाही, कारण ती रात्रभर चालवून भरपाई करता येते. सौरपंपाला दिवसाचे सहा-सात तासच मिळतात.

म्हणून अर्जाआधी एक संध्याकाळ काढा. सुतळीला दगड बांधून विहिरीत सोडा, पाण्याला टेकल्यावर वर ओढा आणि कोरडा भाग टेपने मोजा. हा झाला कार्तिकातला आकडा. त्यावर काहीच ठरवू नका. गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी कुठवर उतरलं होतं, ते विहिरीच्या आतल्या बाजूला दिसतं. कुठल्या थरापर्यंत दगड पांढरे पडलेत, शेवाळ कुठे सुरू होतं, मोटार कितव्या पायरीवर उतरवावी लागली होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. बोअर असेल तर गेल्या वर्षी किती पाइप सोडले होते ते मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जवळच्या विहिरीचा मे महिन्याचा आकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आता बेरीज करा. समजा, उन्हाळ्यात पाणी १७ मीटरवर जातं. शेत विहिरीपेक्षा ६ मीटर चढावर आहे. लांब पाइपलाइनच्या घर्षणाचे ३ मीटर धरा. ठिबक असेल तर फिल्टर आणि लॅटरल (पिकाच्या ओळीत टाकलेल्या नळ्या) यांच्या दाबाला आणखी १० ते १२ मीटर, आणि हेच बहुतेक जण विसरतात. एकूण झाले ३६ ते ३८ मीटर. इथे ३० मीटर हेडचा पंप बसवला तर तो श्रावणात छान चालेल आणि चैत्रात रडवेल. मागायला हवा ५० मीटरवाला. कागदावर दोन्ही ३ एचपीच.

महावितरण आणि पुरवठादार यांची माणसं संयुक्त पाहणीला येतात, तेव्हा हा आकडा कागदावर लिहून तयार ठेवा. तुम्ही गप्प बसलात तर समोर दिसणारी पाणीपातळीच लिहिली जाते. दोष कुणाचाच नसतो, पाणी त्या दिवशी खरंच तिथे असतं. पुरवठादार निवडायचा अधिकार तुमचा आहे. यादीतला स्वस्त-महाग बघण्यापेक्षा तालुक्यात त्याचा दुरुस्तीचा माणूस आहे का ते बघा. पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा असतो, पण ऐन पेऱ्यात पंप बंद पडल्यावर मेकॅनिक कधी येतो ते त्याचा पंप वापरणारा शेजारीच सांगेल.

कागदांत बहुतेकांचं घोडं अडतं ते पाण्याच्या नोंदीवर. विहीर आजोबांनी खणलेली असते, पण सातबाऱ्यावर तिचा पत्ता नसतो. तलाठ्याकडे जाऊन ती नोंद आधी लावून घ्या. सामाईक गट असेल तर इतर खातेदारांचं ना-हरकत संमतिपत्र मुद्रांकावर लागतं. भावकीत बोलणं बंद असेल तर योजनेआधी ते सुरू करावं लागेल, त्याला महावितरणचा इलाज नाही. शेतीला आधीच वीजजोडणी असेल किंवा आधीच्या अटल अथवा मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेचा लाभ घेतलेला असेल, तर या योजनेत बसता येत नाही. पैसे भरून जोडणीची वाट पाहणाऱ्यांना मात्र ही वाट खुली आहे.

ज्यांची जोडणी चालू आहे त्यांनी सौरपंपाच्या नादात ती तोडायची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत बिल माफ आहे. शिवाय तुमच्या फीडरवरच, म्हणजे उपकेंद्रातून तुमच्या शिवाराला येणाऱ्या वीजवाहिनीवरच, सौर वीज आली तर दिवसा वीज आपोआप मिळते, त्यासाठी तुम्हाला एक खिळाही ठोकावा लागत नाही.

पैसे फक्त योजनेच्या पोर्टलवरून भरायचे. ‘तुमचा नंबर लागलाय, आज संध्याकाळपर्यंत एवढे भरा’ असा फोन आला की समोरचा माणूस कितीही गोड बोलत असला तरी ठेवून द्या.

ज्यांचा पंप आधीच बसलाय त्यांच्यासाठी या महिन्यातली कामं वेगळी आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, म्हणून पॅनेल जास्त उभं करायला हवं. अनेक सांगाड्यांना ऋतूप्रमाणे कल बदलायची भोकं दिलेली असतात, पण बसवल्या दिवसापासून बोल्ट एकाच भोकात गंजून गेलेला असतो. आता तो सोडवून ३० अंशांच्या आसपास कल द्या, होळीनंतर पुन्हा आडवं करा. बोल्टला ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या खेपेला हातोडा लागणार नाही.

सावली ही सौरपंपाची खरी वैरी. पॅनेल एकापुढे एक माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्ख्या माळेची वीज घटते. आमच्या शिवारात एकाच्या पंपाचं पाणी साडेतीननंतर रोज निम्मं व्हायचं. महिनाभर कंट्रोलरवर संशय होता. शेवटी कळलं की बांधावरच्या शेवरीची एक फांदी पश्चिमेकडच्या पॅनेलवर हातभर सावली टाकत होती. विळ्याचं काम होतं. तूर आणि ऊस पॅनेलच्या दक्षिणेला लावू नका. सूर्य खाली असतो त्या दिवसांत त्यांची सावली लांब पडते.

धूळ पुसायची ती सकाळी लवकर, मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारायचा उद्योग मी स्वतः केलाय, तोही बोअरच्या क्षारपड पाण्याने. काच तडकली नाही हे नशीब, पण पांढरे डाग मात्र आजतागायत आहेत. अजून एक सांगायचंय. मोटार बंद असली तरी ऊन आहे तोवर पॅनेलच्या वायरींत वीज असतेच, तीही काहीशे व्होल्टची. उंदराने कुरतडलेली वायर दिसली तर आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडायचा खटका) पाडा आणि मेकॅनिकला बोलवा, स्वतः टेप गुंडाळत बसू नका.

पाणी देण्याची रीतही बदलावी लागते. एका एकरावर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. ३ एचपीचा पंप ३० मीटर हेडवर स्वच्छ उन्हात दिवसाला ८० हजार ते १ लाख लिटर उपसतो. म्हणजे एकराला दोन ते अडीच दिवस, आणि अडीच एकर गव्हाला जवळपास सहा दिवस. गव्हाला पहिलं पाणी द्यायचं ते मुकुटमुळं फुटताना, आणि ती वेळ पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांची. विसाव्या दिवशी सुरुवात केली तर शेवटच्या साऱ्याला पाणी पोचेपर्यंत पंचविसावा दिवस उजाडतो. तेव्हा सतराव्या दिवशीच पहिला सारा भिजवायला घ्या, आणि पुढच्या वर्षी पेरणीच दोन टप्प्यांत करा. हरभऱ्याला फांद्या फुटताना आणि घाटे भरताना अशी दोन पाणी पुरतात, तिथे एवढी ओढाताण नाही. शेततळं किंवा हौद असेल तर पिकाला पाणी नको त्या दिवशीही पंप चालू ठेवून तो भरून घ्या. ढगाळ आठवड्यात तेच कामाला येतं.

आता जमीन भाड्याने देण्याविषयी, कारण यंदा त्याचीही विचारणा बरीच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथे सुरुवातीचे प्रकल्प झाले, आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्याच परिसरातल्या शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ती कल्पना. जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. एकराचा हिशेब ५० हजारांचा. मुरमाड, पाण्याविना पडून असलेल्या जमिनीला हा भाव चांगला आहे आणि मी ती बिनदिक्कत द्यायला सांगेन. काळी, पाण्याखालची जमीन मात्र देऊ नका. करार दोन-अडीच दशकांचा असतो, तेवढ्या काळात तुमच्या मुलाचा मुलगा शेती करायच्या वयाला येईल. सही करण्याआधी करार तालुक्याच्या वकिलाकडून वाचून घ्या. सातबाऱ्यावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तोही आधी बघा. भाडं कोणत्या तारखेला जमा होणार, थकलं तर काय आणि मुदतीनंतर पाया, खांब कोण उपटून नेणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

प्रकल्प गावात आला तर ग्रामपंचायतीलाही तीन वर्षं दरवर्षी ५ लाख रुपये मिळतात. ते कशावर खर्च होणार हा विषय पुढच्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर लावायला अर्ज द्यावा लागतो, आणि तो सभेच्या दिवशी नव्हे, आधी द्यायचा असतो.